दुसरा शब्द

गंगापूर रोडच्या कॉलेजात एकतीस वर्षं
मी नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या.
टाकाने, काळ्या शाईने.
गायधनी बाई सांगायच्या, मी उतरवायचो.
लॅटिन मला आजही येत नाही,
तिची वळणं मात्र हाताला पाठ आहेत.

बाई म्हणायच्या, बोरस्ते, यांच्यात आडनाव आधी.
नाव मागून.
आडनाव घराण्याचं, ते सांभाळून लिहा.
नाव काय, कुणाचंही असतं.

आणि एक नाव सारखं यायचं. सिनेरिया.

सहदेवीला, जी आमच्याच कंपाउंडात
सायकल स्टँडच्या फटीतून उगवायची,
नखाएवढी जांभळी फुलं घेऊन.
बाईंनी हिमालयातून आणलेल्या दगडाच्या ढलपीला,
म्हणजे ढलपीवरच्या दगडफुलाला,
जे वाळल्या चुन्यासारखं चिकटून होतं.
पेटीतल्या पतंगाला, जो परदेशातून टपालाने आला
आणि एक पंख वाटेतच विसरून आला.
नांदूरमध्यमेश्वरच्या राखी बगळ्याला.
तो पेटीत मावेना, त्याचा फोटो.

एकदा मेहुणा रावसाहेब मोहाडीहून
वर्तमानपत्रात गुंडाळून द्राक्षाचा घड घेऊन आला.
मण्यांवर करडी लव.
बाईंनी भिंग धरलं. म्हणाल्या, बोट्रायटिस.
पुढचं मीच म्हणालो.
रावसाहेब म्हणाला, म्हणजे सहदेवीचीच बहीण?
आमची आई तापात तिचा काढा द्यायची.
बाई म्हणाल्या, नात्यात काही नाही.
वर्गात दोन दमयंती असतात ना, तसं.
त्यांच्या वर्गात त्या एकट्याच दमयंती होत्या,
पण ते सोडा.

मी विचारलं, अर्थ काय याचा?
राख. राखेच्या रंगाचं.
कुठली राख, बाई? चुलीतली, का रामकुंडावरची?
त्या चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या.
म्हणाल्या, लॅटिनला एवढं बारीक विचारू नये.

पुढे सहदेवीचं घराणं बदललं.
कुठेतरी कुणीतरी ठरवलं, ती त्या घरची नाहीच.
नवं आडनाव आलं, सायँथिलियम,
आणि त्याच्यापायी नावाचं शेपूटही बदललं.
सिनेरिया नाही, सिनेरियम.
स्त्रीलिंगाचं नपुंसकलिंग.
मी म्हणालो, हे लग्नासारखंच झालं की.
बाईंनी लग्न केलं नव्हतं.
म्हणाल्या, लिहा, बोरस्ते. राख तीच आहे.

मी आळशी नव्हतो, हिशेबी होतो.
मे महिन्याच्या सुट्टीत वीस-वीस चिठ्ठ्या करून ठेवायचो,
दुसरा शब्द लिहून, पहिल्याची जागा कोरी.
जे येईल ते येवो.

गेल्या मंगळवारी रामकुंडावर बाईंचा भाचा होता, मी होतो,
आणि एक गुरुजी, ज्यांना पुढच्या माणसाची घाई.
मडक्यातून जे निघालं
ते राखाडी असेल असं मी धरून चाललो होतो.
पांढरं होतं. मध्येच पिवळट,
थोडं तर विटेच्या पुडीसारखं गुलाबी.
एवढ्या रंगांना आम्ही
एकाच शब्दावर भागवलं होतं.
पाण्याने ते घेतलं, विचारलं काही नाही.

घरी येऊन खिसे रिकामे केले तर एक चिठ्ठी निघाली.
नव्या मॅडमनी कपाट आवरलं, तेव्हा उचललेली.
पुढची जागा अजून कोरी.
बायको गोड्या मसाल्याचं निवडत बसली होती.
काय लिहिलंय हे?
सांगितलं.
मग लावा की दगडफुलाच्या डब्याला, रंग तर तोच.
मी म्हणालो, हे दगडफूल वेगळं, याचं नाव दुसरं आहे.
कुणाला कळणार आहे?

कुणाला नाही.
बाईंना कळलं असतं.

चिठ्ठी टेबलावर आहे.
पंख्याने उडते, म्हणून
वर वाटी पालथी घातलीय.